तारीख घातलेलं भविष्य: सोव्हिएत विज्ञानकथेतला आशावाद समजून घेताना

ऑक्टोबर १९६१ मध्ये मॉस्कोत, क्रेमलिनच्या आवारात नव्यानेच बांधलेल्या भव्य सभागृहात, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं बाविसावं अधिवेशन भरलं. गागारिन अंतराळात जाऊन आल्याला सहा महिने झाले होते. उत्साह इतका होता की पक्षाने आपल्या नव्या कार्यक्रमात भविष्याला चक्क तारीख घातली. दहा वर्षांत दरडोई उत्पादनात अमेरिकेला मागे टाकायचं. वीस वर्षांत, म्हणजे १९८० पर्यंत, साम्यवादाचा भौतिक पाया तयार असेल. मग घराला भाडं नाही, बस-ट्रामला तिकीट नाही, कामाच्या ठिकाणी दुपारचं जेवण फुकट. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक वाक्य: 'सोव्हिएत लोकांची आजची पिढी साम्यवादात जगेल.'

पुढची तारीख घालून दिलेल्या चेकची एक अडचण असते. तो दिवस उजाडला की माणूस बँकेत जाऊन उभा राहतो.

सोव्हिएत विज्ञानकथा वाचताना ही तारीख डोक्यात ठेवावी लागते. इतर देशांतला लेखक भविष्य लिहितो ते त्याचं स्वतःचं असतं. चुकलं तर लोक हसतात, विसरून जातात. सोव्हिएत संघात भविष्य हा सरकारी कार्यक्रम होता. तिथल्या लेखकाने उद्याचं चित्र काढलं की ते शेजारी टांगलेल्या अधिकृत चित्राशी ताडून पाहिलं जायचं. आपल्याला वाटतं, अशा देशात निराशावादी लेखकाचे हाल होत असतील आणि आशावादी लेखकाची चंगळ. पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. येवगेनी झाम्यातिनची 'आम्ही' ही काळवंडलेल्या भविष्याची कादंबरी १९२०च्या सुमारास लिहून झाली आणि तिच्या मायदेशात छापली गेली १९८८ मध्ये. दुसरं मात्र खरं नाही. मनापासून आशावादी असणाऱ्यांचीही तिथे पंचाईत झाली, आणि ती का झाली हे बघण्यासारखं आहे.

आधी थोडी पायाभरणी. मार्क्सवादी मांडणीत क्रांतीनंतर दोन टप्पे येतात. पहिला समाजवाद: ज्याने जितकं काम केलं त्याला त्या प्रमाणात मिळेल. इथे पगार असतो, दुकान असतं, पोलीस असतात, सरकार असतं. दुसरा टप्पा साम्यवाद: प्रत्येकाने कुवतीनुसार द्यायचं आणि गरजेनुसार घ्यायचं. इथे पैसा उरत नाही आणि सरकारही हळूहळू विरून जातं. सोव्हिएत संघाचं म्हणणं असं, की पहिला टप्पा आम्ही गाठलाय, दुसऱ्याकडे निघालोय.

आता हा दुसरा टप्पा दिसतो कसा? सकाळी उठून माणूस काय करतो? नावडतं काम कोण करतं? कुणी कामच केलं नाही तर? मार्क्सने या प्रश्नांना हात घातला नव्हता. भविष्यातल्या खानावळींसाठी पाककृती लिहीत बसायला त्याने 'भांडवल'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या उत्तरलेखात खोचकपणे नकार दिला होता. पक्षाच्या ठरावांत टक्केवारी असायची, टनांचे आकडे असायचे, पण माणूस नसायचा. ती जागा विज्ञानकथेने भरली. रॉकेट, यंत्रमानव, परग्रह हे सगळं तिथेही आहेच. पण सोव्हिएत विज्ञानकथेचा खरा विषय, भाकरीची चिंता मिटल्यावर माणूस काय करेल, हा आहे.

सुरुवात क्रांतीच्याही आधी होते. अलेक्सांद्र बोग्दानोव्ह हा शिक्षणाने डॉक्टर, मताने बोल्शेविक, एके काळी लेनिनचा अगदी जवळचा साथीदार. १९०८ मध्ये काप्री बेटावर लेखक गॉर्कीच्या घरी हे दोघे बुद्धिबळ खेळत बसल्याचा प्रसिद्ध फोटो आहे. त्याच वर्षी बोग्दानोव्हची 'लाल तारा' ही कादंबरी आली. लिओनिद नावाच्या रशियन क्रांतिकारकाला मंगळावरचे लोक आपल्या ग्रहावर घेऊन जातात. तिथे साम्यवाद केव्हाच आलेला आहे.

बोग्दानोव्हने कामाच्या वाटपाचा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवला ती आजही वाचताना माणूस चमकतो. मंगळावर कुणालाही कामावर हाकललं जात नाही. कारखान्यांत मोठाले फलक लावलेले आहेत आणि त्यावर आकडे सतत बदलत असतात: अमुक उद्योगात इतके श्रमाचे तास कमी पडताहेत, तमुक ठिकाणी इतके जास्त झालेत. लोक फलक वाचतात आणि जिथे गरज आहे तिथे आपणहून जातात. हुकूम नाही, बाजारभाव नाही, फक्त माहिती. हे १९०८ मध्ये, संगणकाच्या कितीतरी आधी! पुढे १९६०च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुश्कोव्ह या संगणकशास्त्रज्ञाने साऱ्या देशाची अर्थव्यवस्था संगणकांच्या जाळ्याने जोडायची योजना मांडली. कोणत्या कारखान्यात काय पडून आहे आणि कुठे काय हवंय हे तात्काळ कळावं, हाच तिचा गाभा. १९७० मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, म्हणजे पॉलिटब्युरोने, ती मूळ रूपात मंजूर केली नाही. मंत्रालयांना आपापले आकडे एकमेकांना दाखवायचे नव्हते. मंगळावरच्या लोकांना ही अडचण नव्हती.

बोग्दानोव्हचा आशावाद भाबडा नाही. त्याचा लिओनिद मंगळावरच्या कापडाच्या कारखान्यात कामाला लागतो आणि थकून जातो. तिथल्या लोकांची सहज एकाग्रता त्याला जमत नाही. नवी व्यवस्था मिळाली तरी अंगातला जुना माणूस लगेच जात नाही, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. त्याहून जळजळीत जागा पुढे आहे. मंगळावरची संसाधनं संपत आली आहेत, आणि स्तेर्नी नावाचा थंड डोक्याचा शास्त्रज्ञ पृथ्वीवरच्या माणसांना नष्ट करून ती वसवावी असा प्रस्ताव मांडतो. त्याच्या युक्तिवादात एक भाकीत आहे: पृथ्वीवर समाजवाद आलाच तर तो काही मोजक्या देशांत येईल, चहूबाजूंनी शत्रूंनी वेढलेला असेल, आणि वर्षानुवर्षांच्या दहशतीने, लष्करी शिस्तीने त्याचं रूपच बिघडून जाईल. क्रांती व्हायला अजून नऊ वर्षं होती.

कादंबरीत आणखी एक कल्पना होती. मंगळावरचे लोक एकमेकांशी रक्ताची अदलाबदल करतात. त्याने आयुष्य वाढतं, आणि शब्दशः रक्ताचं नातं जुळतं. १९०९ मध्ये लेनिनशी कायमचं बिनसल्यावर बोग्दानोव्ह राजकारणातून हळूहळू बाहेर पडला, आणि १९२६ मध्ये मॉस्कोत त्याने रक्तसंक्रमणाची संस्था काढली. तिथे तो स्वतःवर प्रयोग करायचा. १९२८ मध्ये क्षय आणि हिवताप असलेल्या एका विद्यार्थ्याशी त्याने रक्ताची अदलाबदल केली. विद्यार्थी वाचला, बोग्दानोव्ह गेला. आपल्या कादंबरीतल्या कल्पनेसाठी जीव देणारा दुसरा विज्ञानकथाकार मला तरी माहीत नाही.

याच काळात आशावादाचा आणखी एक झरा वाहत होता, जरा विक्षिप्त. मॉस्कोतले ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव्ह यांचं म्हणणं होतं की विज्ञानाचं अंतिम काम मृत्यूला हरवणं हे आहे, आणि तेवढ्यावर न थांबता आजवर मेलेल्या सगळ्या पूर्वजांना पुन्हा जिवंत करणं. एवढी माणसं राहणार कुठे? अर्थातच इतर ग्रहांवर. ऐकायला वेडगळ वाटतं, पण रशियन अंतराळस्वप्नाचा एक धागा इथून निघतो. ग्रंथालयात येऊन स्वतःच्या स्वतः शिकणाऱ्या एका कमी ऐकू येणाऱ्या मुलाला याच ग्रंथपालांनी मदत केली. तो मुलगा कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की. पुढे कलुगा गावात शाळामास्तरकी करत त्याने १९०३ मध्ये रॉकेटने अंतराळात कसं जाता येईल याचं गणित छापलं. त्याने एक कथाही लिहिली, 'पृथ्वीबाहेर'. ती पुस्तकरूपाने १९२० मध्ये आली. कथा घडते २०१७ मध्ये, आणि सुरू होते हिमालयात! डोंगरांमधल्या एका सुंदर वाड्यात फ्रेंच, इंग्रज, जर्मन, अमेरिकन, इटालियन आणि रशियन असे सहा विद्वान राहतात आणि रॉकेट बांधतात. हिमालयात एवढी मंडळी जमली, त्यात भारतीय मात्र एकही नाही. असो. कक्षेत फिरणारी हरितगृहं, वजनरहित अवस्थेतलं जगणं, यांचे तपशील त्या माणसाने रॉकेट प्रत्यक्षात उडायच्या कितीतरी आधी मांडले होते.

मग स्तालिनचा काळ आला आणि स्वप्नांची लांबी कापली गेली. १९३०च्या दशकापासून समीक्षकांनी आणि संपादकांनी लेखकाला बजावलं, की फार लांबचं बघू नका. पुढच्या पाच-पंधरा वर्षांत काय शोध लागतील तेवढंच लिहा. दूरचं भविष्य लिहायचं म्हणजे सध्याच्या नेत्यांनंतर काय, हा प्रश्न आलाच, आणि तो कुणाला नको होता. त्यामुळे नव्या नांगराच्या, नव्या भुयारी यंत्राच्या कथा निघाल्या, शेवटी एखादा परदेशी हेर पकडला जायचा. या काळातलं फारसं आज वाचवत नाही. अपवाद अलेक्सांद्र बेल्यायेव्ह, ज्याचा पाण्याखाली श्वास घेणारा तरुण आजही रशियन वाचकांचा लाडका आहे. बेल्यायेव्ह १९४२च्या जानेवारीत, जर्मनांनी ताबा घेतलेल्या पुश्किन शहरात उपासमारीत गेला.

युद्ध विसरून चालणार नाही. सोव्हिएत संघाची दोन कोटींहून जास्त माणसं त्यात मेली. ज्यांनी पुढे भुकेशिवायचं जग रंगवलं, त्यांनी भूक जवळून पाहिली होती. बोरिस स्त्रुगात्स्की लेनिनग्राडच्या वेढ्यात आठ-नऊ वर्षांचा होता. १९४२ मध्ये वडील मोठ्या मुलाला, अर्कादीला, घेऊन शहराबाहेर पडले आणि वाटेत वोलोग्दा इथे वारले. या दोन भावांकडे पुढे येऊच. त्यांच्या पुस्तकांत भरल्या ताटाचं वर्णन आलं की मला ही गोष्ट आठवते.

स्तालिन १९५३ मध्ये गेला. चार वर्षांनी, १९५७च्या जानेवारीत, 'तंत्रज्ञान आणि तरुणाई' अशा अर्थाच्या नावाच्या लोकप्रिय मासिकात एक कादंबरी क्रमशः सुरू झाली: 'देवयानी तेजोमेघ'. लेखक इव्हान येफ्रेमोव्ह हा पेशाने जीवाश्मशास्त्रज्ञ. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात डायनोसॉरच्या हाडांसाठी मोहिमा काढलेला, आणि प्राण्यांचे अवशेष खडकात कसे टिकतात याची स्वतंत्र विज्ञानशाखा उभी करणारा. कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात विचार करणाऱ्या माणसाला पाच-पंधरा वर्षांची मर्यादा काय मानवणार? त्याने घड्याळ एकदम हजारो वर्षं पुढे नेलं.

येफ्रेमोव्हच्या पृथ्वीवर देश उरलेले नाहीत. इतिहास शिकताना तिथली मुलं आपल्या काळाला 'विभक्त जगाचं युग' म्हणतात. पैसा नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. अर्थव्यवस्थेचं एक मंडळ आहे, शास्त्रज्ञांच्या अकादम्या आहेत, आणि सुख-दुःखाचा हिशोब ठेवणारी एक वेगळी अकादमीसुद्धा आहे. मोठं होण्याआधी प्रत्येक मुलामुलीला बारा अवघड कामं पार पाडावी लागतात. आणि आकाशगंगेतल्या प्रगत संस्कृतींचं एक 'महावलय' आहे. एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे रेडिओसंदेश जातात. प्रकाशाच्या वेगाला मर्यादा असल्याने प्रश्न विचारून उत्तर मिळायला पिढ्या जातात. तरी लोक बोलत राहतात, समोरचा ऐकेल या भरवशावर. ही कल्पना मला सगळ्या रॉकेटांपेक्षा सुंदर वाटते.

कामाचा प्रश्न येफ्रेमोव्ह कसा सोडवतो ते पाहा. दार वेतर हा महावलयाशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रांचा प्रमुख, म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत जबाबदारीच्या पदांपैकी एकावर. त्याला कंटाळा येतो, मन विटतं. तो पद सोडतो, पुरातत्त्वाच्या उत्खननावर जातो, मग दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी समुद्राखालच्या टायटॅनियमच्या खाणीत कामाला लागतो. कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. मोठ्या खुर्चीवरून खाणीत गेलेल्या माणसाची इज्जत कणभरही कमी होत नाही, ही या पुस्तकातली सर्वांत क्रांतिकारक गोष्ट आहे. महावलय त्यामानाने सोपं.

त्याच्या जागी येणारा म्वेन मास हा आफ्रिकन वंशाचा. तो अंतराळ ओलांडून थेट संपर्क साधण्याचा धाडसी प्रयोग तिबेटात करतो, परवानगीची वाट न पाहता. प्रयोग फसतो, उपग्रहावरची चार माणसं मरतात. तुरुंग त्या जगात नाहीत. म्वेन मास स्वतःच 'विस्मृतीच्या बेटा'वर निघून जातो. या शिस्तशीर सुखी जगात ज्यांना राहायचं नाही, त्यांच्यासाठी राखलेली ही जागा. म्हणजे येफ्रेमोव्हलाही माहीत होतं की काहींना असलं जग नकोसं होईल; त्याने त्यांना शिक्षा केली नाही, बेट दिलं.

या पुस्तकाबद्दलच्या माझ्या तक्रारीही सांगून टाकतो. पात्रं पुतळ्यांसारखी देखणी आणि पुतळ्यांसारखीच बोलतात. मुलांना लहानपणीच आईवडिलांपासून वेगळं करून शाळांमध्ये वाढवलं जातं. ज्या आयांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी आणखी एक बेट. इथे माझा आशावाद संपतो. आणि निसर्ग हा या जगात केवळ कच्चा माल आहे: ध्रुवांवरचं बर्फ वितळवलं, हवामान बदललं, वाळवंटं हटवली, सगळं अभिमानाने. प्रत्यक्षात या विचारसरणीने काय केलं ते अरल समुद्राने दाखवून दिलं. कापसाच्या शेतांसाठी नद्या वळवल्या आणि एक अख्खा समुद्र आटत गेला. सैबेरियातल्या नद्या दक्षिणेकडे फिरवण्याची त्याहून मोठी योजना १९८६ मध्ये बासनात गेली, ते बरंच झालं.

कादंबरी चालू असतानाच, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, स्पुत्निक उडाला. येफ्रेमोव्हने पुस्तकाच्या प्रस्तावनेत गमतीशीर कबुली दिली आहे. हे सगळं व्हायला तीन हजार वर्षं तरी लागतील असं त्याला आधी वाटलं होतं. लिहिता लिहिता त्याने एक हजार वर्षं कमी केली. उपग्रह उडाल्यावर त्याला वाटलं, हे याहूनही लवकर होईल; म्हणून नेमक्या तारखाच काढून टाकल्या आणि अंदाज वाचकावर सोपवला. चारच वर्षांनी पक्षाने नेमकं उलट केलं. दोघांतलं शहाणं कोण, ते १९८० मध्ये ठरलं.

येफ्रेमोव्हच्या आशावादामागे एक तर्क होता, आणि तो त्याने 'सर्पाचं हृदय' या दीर्घकथेत उघड मांडला. मरे लाइन्स्टर या अमेरिकन लेखकाची १९४५ सालची एक कथा आहे: माणसांचं यान आणि परग्रहवासीयांचं यान अंतराळात समोरासमोर येतात आणि दोघांनाही भीती वाटते, हा आपल्या मागोमाग घरापर्यंत येऊन हल्ला करेल का? येफ्रेमोव्हच्या यानातले लोक ती जुनी कथा वाचतात आणि चर्चा करतात. त्यांचं म्हणणं, ताऱ्यांपर्यंत पोहोचायला लागणारी प्रचंड ऊर्जा हाताळायची तर आधी आपसातली युद्धं संपवावी लागतात. नाहीतर ती संस्कृती स्वतःलाच जाळून टाकेल. म्हणून इतक्या दूर जो भेटेल तो मित्रच असणार. अणुबॉम्बच्या काळात केलेला हा युक्तिवाद आहे. पटो न पटो, खोडून काढायला सोपा नाही.

येफ्रेमोव्हचं भारतावर प्रेम होतं. 'देवयानी तेजोमेघ'मधली नर्तिका चारा नंदी, किंवा १९६३च्या 'वस्तऱ्याची धार'मधले भारतातले प्रसंग आणि योगविषयक लांबलचक संवाद यात ते दिसतं. आपल्याकडूनही ओढ होतीच. पक्षाने ती तारीख घातली त्याच १९६१ मध्ये अण्णा भाऊ साठे रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. मुंबईत लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं नाममात्र किमतीत मिळायची, आणि त्यांच्या गुळगुळीत पानांवरून एका पिढीला त्या भविष्याचा वास लागला होता.

आता स्त्रुगात्स्की बंधू. अर्कादी जपानीचा अनुवादक, बोरिस लेनिनग्राडजवळच्या पुल्कोवो वेधशाळेत कामाला. १९६२ मध्ये त्यांचं 'मध्यान्ह, बाविसावं शतक' आलं. येफ्रेमोव्हच्या जगात शिरताना कपडे नीट करून जावंसं वाटतं. स्त्रुगात्स्कींच्या जगात तुम्ही चप्पल काढून थेट आत जाता. त्यांचा सर्वांत थोर अंतराळ कप्तान गोर्बोव्हस्की कुठेही गेला की विचारतो, मी जरा आडवा होऊ का? शाळेतली चार मुलं शुक्रावर पळून जाऊन तिथल्या कामाला लागायचा कट करतात, आणि त्यांचा मास्तर न रागावता तो उधळून लावतो. शंभरावर वर्षांनी परतलेल्या यानातल्या एका जुन्या अंतराळवीराला कळेना की या जगात आपण काय कामाचे, तर तो शेवटी समुद्रात देवमाशांचे कळप राखायला जातो.

हे साधलं कसं? बोरिसने नंतर सांगितलंय की त्यांनी नवा माणूस घडवायच्या भानगडीत न पडता आपल्या ओळखीतल्या चांगल्या माणसांना उचलून बाविसाव्या शतकात नेऊन ठेवलं. तो काळच तसा होता. नोवोसिबिर्स्कजवळ जंगलात शास्त्रज्ञांचं अख्खं गाव वसत होतं. तरुण भौतिकशास्त्रज्ञ ही देशातली सर्वांत रुबाबदार जमात होती. १९६५च्या 'सोमवार शनिवारी सुरू होतो'मध्ये जादूटोण्याच्या संशोधन संस्थेतले लोक नववर्षाच्या रात्री घरच्या मेजवान्या सोडून प्रयोगशाळेत येतात, कारण तिथे जास्त मजा येते. अज्ञाताचा शोध हेच सुख, हे त्यांचं गृहीतक. साम्यवादाचं याहून आकर्षक वर्णन पक्षाला कधी जमलं नाही. या जगात सर्वांत महत्त्वाचा व्यवसाय शिक्षकाचा आहे, कारण भौतिक सुबत्ता यंत्रं आणतील, पण ती पेलणारं मूल कुणीतरी वाढवावं लागेल.

मात्र १९६२च्या डिसेंबरात सोव्हिएत नेता ख्रुश्चेवने मॉस्कोतल्या एका चित्रप्रदर्शनात आधुनिक चित्रकारांना शिवीगाळ केली, पुढच्या मार्चमध्ये लेखक-कलावंतांना बोलावून दमात घेतलं, आणि बंधूंचा सूर बदलला. तलवारबाजीची मजेदार गोष्ट म्हणून ठरवलेलं 'देव होणं कठीण' १९६४ मध्ये बाहेर आलं ते वेगळंच होऊन: मध्ययुगीन ग्रहावर गुपचूप राहणारा पृथ्वीचा इतिहासकार विद्वानांची कत्तल पाहतो आणि काही करू शकत नाही. त्यातल्या खलनायकाचं नाव आधी 'रेबिया' होतं, स्तालिनच्या पोलीसप्रमुखाच्या, बेरियाच्या नावातली अक्षरं उलटसुलट केलेलं. येफ्रेमोव्हनेच सल्ला दिला की हे फार उघड आहे, बदला. मग 'रेबा' झालं. वडीलधाऱ्याचा हा सावधपणा पुढे त्याच्या स्वतःच्या कामी आला नाही.

१९६८-६९ मध्ये येफ्रेमोव्हची 'वृषभाचा प्रहर' मासिकांतून आली, १९७० मध्ये पुस्तक निघालं. महावलयाच्या काळातली सुखी, निर्भय माणसं तोर्मान्स नावाच्या ग्रहावर उतरतात. तिथे मूठभर सत्ताधारी आहेत. लोकांचे दोन वर्ग आहेत: शिकून उपयोगी पडणाऱ्यांना दीर्घायुष्य, बाकीच्यांनी तरुणपणीच मरायचं. माहितीवर पहारा, निसर्गाचा सत्यानाश. कागदोपत्री ही भांडवलशाहीवर आणि माओच्या चीनवर टीका होती. केजीबीचा प्रमुख युरी आन्द्रोपोव्ह मात्र फसला नाही. १९७०च्या सप्टेंबरात त्याने केंद्रीय समितीला कळवलं की तोर्मान्सच्या आडून लेखक प्रत्यक्षात सोव्हिएत वास्तवाची बदनामी करतोय. पुस्तक दुकानांतून आणि ग्रंथालयांतून काढलं गेलं, ते १९८८ पर्यंत पुन्हा छापलं नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये येफ्रेमोव्ह वारला आणि महिन्याभरात केजीबीची माणसं घरी येऊन तासन्‌तास झडती घेऊन गेली.

आशावादी लेखकाची पंचाईत का झाली, हा मघाचा प्रश्न इथे सुटतो. येफ्रेमोव्ह मरेपर्यंत साम्यवादी स्वप्नावर विश्वास ठेवून होता. तीच तर अडचण होती. निराशावादी लेखक म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. त्याला शत्रू ठरवून मोकळं होता येतं. आशावादी लेखक सरकारचेच शब्द घेतो, त्यांचा अर्थ गांभीर्याने उलगडून दाखवतो: पैसा नाही, विशेष हक्क नाहीत, गुपितं नाहीत, खाणीतला माणूस आणि प्रमुख सारखे. आणि वाचक पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघतो. बाहेर सॉसेजसाठी रांग असते, आणि पक्षाच्या लोकांसाठी वेगळं दुकान.

१९८० उजाडलं. मॉस्कोत ऑलिंपिक भरलं, आणि लोक म्हणू लागले, साम्यवाद यायचा होता त्याऐवजी खेळ आले. १९८६ मध्ये पक्षाने कार्यक्रमाची नवी आवृत्ती काढली, तीत साम्यवाद कधी येणार याची तारीख नव्हती.

तरी स्वप्नाची एक शेवटची लाट आली, ती मुलांसाठी. ब्रह्मदेशाचा इतिहास हा अभ्यासविषय असलेल्या इगोर मोझेइको यांनी किर बुलिचोव्ह या टोपणनावाने अलिसा नावाच्या एकविसाव्या शतकातल्या मुलीच्या गोष्टी १९६५ पासून लिहिल्या. अलिसाचे वडील अंतराळातल्या प्राण्यांचे अभ्यासक, आणि ती स्वतः निर्भीड, आगाऊ, खरं बोलणारी. या गोष्टींत पक्ष नाही, कार्यक्रम नाही. भविष्य आहे कारण तिथे राहायला मजा येते. १९८५ मध्ये दूरचित्रवाणीवर 'भविष्यातली पाहुणी' ही पाच भागांची मालिका आली. कोल्या हा शाळकरी मुलगा १९८४ मधून २०८४ मध्ये जातो, आणि मग अलिसाही या काळात येते. शेवटच्या भागात निरोप घेताना ती वर्गातल्या एकेकाला सांगते, तू पुढे कोण होणार आहेस. ती मालिका बघणारी बारा-तेरा वर्षांची मुलं वयात येईतो देशच राहिला नाही.

स्त्रुगात्स्कींनी 'मध्यान्ह'च्या जगातली एक शेवटची कादंबरी योजून ठेवली होती, 'पांढरा वजीर' नावाची. तिचा नायक माक्सिम एका दूरच्या ग्रहावरच्या बंदिस्त साम्राज्यात शिरतो. साम्राज्याची तीन वर्तुळं आहेत: बाहेर सगळे गुंड आणि क्रूर, मध्ये साधी चारचौघांसारखी माणसं, आणि केंद्रात अगदी पृथ्वीसारखा सुखी, सुसंस्कृत समाज. ज्याला जसं जगायचं, त्याला तसं. माक्सिम तिथल्या एका जाणत्याला आपल्या पृथ्वीबद्दल सांगतो. सगळेच सुखी, सगळेच सज्जन, बाहेरचं वर्तुळ नाहीच. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, असं जग बांधता येत नाही, ते फक्त कल्पनेत रचता येतं; तुम्ही बहुधा कुणीतरी रचलेल्या जगात राहताय आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. हे वाक्य बंधूंना इतकं आवडलं होतं की ते लिहिण्यासाठीच कादंबरी हवी होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये अर्कादी वारला, सोव्हिएत संघ त्यानंतर दोन महिने टिकला. बोरिसने ती कादंबरी एकट्याने लिहायला घेतली नाही. काही वर्षांनी इतर लेखकांनी त्यांच्या जगात पुढच्या गोष्टी लिहायला परवानगी मागितली, तेव्हा त्याने दिली.